केनियात पहिली सफारी: मे की दिवाळी, गाडी कोणती, सामान किती?

पर्वती_पायथा
नमस्कार मंडळी. केनिया नक्की केलंय. पुण्याहून आम्ही चौघं: नवराबायको, दहा वर्षांची मुलगी आणि ६७ वर्षांची आई. ताडोबा-कान्हा झालंय, आफ्रिका पहिलीच. हातात ८ रात्री. एजंटाचा आराखडा असा: नैरोबी १, सांबुरू १, नाकुरू १, नैवाशा १, मसाई मारा २, अंबोसेली १, नैरोबी १.

विचारायचंय ते असं:
१) मुलीच्या शाळेमुळे मे किंवा दिवाळीची सुट्टी. दोन्हींत बरी कोणती?
२) कोटेशनमध्ये 'सफारी व्हॅन' आहे. लँड क्रूझरचे बरेच जास्त सांगतायत. खरंच गरज आहे?
३) पिवळ्या तापाची लस आणि मलेरियाच्या गोळ्या आईच्या वयाला चालतील का?
४) कपडे, सामान, खाणं. आई शाकाहारी आहे, कांदा-लसूण चालतं.

रानवाट_७
आधी आराखड्याचं बघू. आठ रात्रींत सहा मुक्काम म्हणजे तुम्ही केनियाचे रस्ते बघायला चाललाय.

नैरोबी ते सांबुरू ६ तास. सांबुरू ते नाकुरू तितकेच किंवा थोडे जास्त. मारा ते अंबोसेली तर रस्त्याने ९-१० तास, कारण नैरोबीवरूनच खाली उतरावं लागतं. त्या दिवशी अंबोसेलीला पोचेपर्यंत अंधार पडेल आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निघायचं. अंबोसेलीला लोक जातात हत्ती आणि किलिमांजारोसाठी. ५,८९५ मीटरचा तो डोंगर उभा आहे टांझानियात, पण दिसतो इथून झकास. तोही पहाटे आणि फारतर सकाळी आठ-नऊपर्यंत, मग ढगात जातो. एक रात्र म्हणजे एकच पहाट. ती ढगाळ निघाली की संपलं.

माझ्या मते: नैरोबी १, अंबोसेली २, नैवाशा १, मारा ३, नैरोबी १. सांबुरू काढा. जाळीदार जिराफ, ग्रेव्ही झेब्रा, लांब मानेचं गेरेनुक हरीण हे सगळं तिथलं खास आहे, पण ते दुसऱ्या फेरीला. अंबोसेली ते नैवाशा सहा-सात तास, नैवाशा ते मारा पाचेक तास. हे आईंना झेपेल.

गेंडा हवाच असेल तर नैवाशाची रात्र नाकुरूला द्या. काळा आणि पांढरा दोन्ही गेंडे बघायला नाकुरू खात्रीचं, मारात ते फार थोडे. फ्लेमिंगोंचे गुलाबी थवे मात्र नाकुरूला धरून चालू नका. तळ्याचं पाणी वाढलं तसे ते बरेचसे बोगोरिया तळ्याकडे गेले. जुन्या पोस्टरवरचं नाकुरू आता तसं नाही.

कोरडा_ओढा
मे आणि दिवाळी, दोन्ही नको.

मार्च ते मे हा तिकडचा मोठा पाऊस. एप्रिल-मेमध्ये गवत कमरेएवढं, वाटा चिखलाच्या, काही कॅम्प तर बंदच असतात. दिवाळी ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात येते. तेव्हा छोटा पाऊस सुरू झालेला असतो आणि स्थलांतर करणारे विल्डबीस्टचे (गाईबैलांसारख्या मोठ्या हरणांचे) कळप बहुतेक टांझानियातल्या सेरेंगेटीत परतलेले असतात. तरी प्रवेश शुल्क मात्र मोसमाचं. म्हणजे पैसे स्थलांतराचे आणि स्थलांतर गायब.

आपल्याकडे कोणाच्या लक्षात येत नाही ती खिडकी म्हणजे जूनचा पहिला पंधरवडा. महाराष्ट्रातल्या बऱ्याच शाळा १५ जूनच्या आसपास उघडतात, विदर्भात त्याहून उशिरा. तेव्हा मोठा पाऊस ओसरलेला असतो, हवा स्वच्छ असते आणि शुल्क अजून निम्मं असतं. नदी ओलांडणारे लाखो प्राणी दिसणार नाहीत, ते साधारण जुलै ते ऑक्टोबर. पण सिंह, हत्ती, जिराफ, चित्ते, तरस हे माराचे कायमचे रहिवासी. ते कुठे जात नाहीत.

मुलीची शाळा सीबीएसई असेल तर तारखा बघून घ्या, गणित बदलतं.

हिशेबनीस
वरच्यात आकडे घालतो. मसाई मारा हे केनियाच्या वन्यजीव खात्याकडे नाही, नारोक काउंटीकडे आहे. २०२४ पासूनचा परदेशी पाहुण्यांचा दर: जानेवारी ते जून माणशी दिवसाला १०० डॉलर, जुलै ते डिसेंबर २००. ९ ते १७ वर्षांच्या मुलांना ५०, त्याहून लहानांना फुकट.

तुम्ही तीन मोठे आणि एक मूल. जूनमध्ये दिवसाला ३५० डॉलर, दिवाळीत ६५०. तीन दिवसांचा फरक ९०० डॉलर. व्हॅन सोडून लँड क्रूझर घ्यायला एवढे पुरावेत. बुकिंग करताना त्या वर्षाचं दरपत्रक मात्र मागून घ्या.

आता खरी मेख. तिकीट चोवीस तासांचं नाही, सकाळी ६ ते संध्याकाळी ६ असं बारा तासांचं आहे. मुक्काम अभयारण्याच्या *आत* असेल तर निघायच्या दिवशी सकाळी १० पर्यंत बाहेर पडलात की त्या दिवसाचं तिकीट नाही. तीन रात्री, तीन तिकिटं. मुक्काम फाटकाबाहेर असेल, म्हणजे सेकेनानी किंवा तालेकजवळचे स्वस्त कॅम्प, तर दर दिवसाचं वेगळं तिकीट. पोचल्या दिवशी चार वाजता आत शिरलात तरी पूर्ण तिकीट, शेवटच्या सकाळी तासभर गेलात तरी पूर्ण. तीन रात्रींची चार तिकिटं होतात. बाहेरचा कॅम्प रात्रीला स्वस्त दिसतो आणि शेवटी आतल्याइतकाच पडतो.

बाहेरच राहणार असाल तर पोचल्या दिवशी आत जाऊ नका. आराम करा, कॅम्पभोवती पक्षी बघा, दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला फाटकावर.

पर्वती_पायथा
जूनचं डोक्यातच आलं नव्हतं! शाळा राज्य मंडळाची, १५ नंतरच उघडते. जून पहिला आठवडा पक्का धरतो. मग आता व्हॅन की क्रूझर?

रानवाट_७
क्रूझर. कारण माती. माराच्या मोठ्या भागात काळी कापसाची जमीन आहे, आपल्या विदर्भ-मराठवाड्यात असते तीच जात. कोरडी असताना भेगा, ओली झाली की चाकाला लाडवासारखी चिकटते आणि गाडी जागच्या जागी फिरते. जूनच्या सुरुवातीला एखादी सर येतेच. टोयोटा हायएस व्हॅन अशा वेळी रुतते, मग अर्धी सकाळ दुसऱ्या गाडीची वाट बघण्यात जाते. व्हॅनचे चालक हे जाणून असतात, म्हणून ते ओढ्याकाठच्या वाटा टाळतात. आणि बिबट्या तर ओढ्याकाठच्या झाडांतच असतो.

तिरकस_गवा
क्रूझरचं एवढं स्तोम नको. ऑगस्टमध्ये जमीन टणक असताना व्हॅन माराभर फिरते, छप्पर तिचंही वर उचलतं. नाकुरू-अंबोसेलीला तर व्हॅन पुरते. ज्याचं बजेट तंग आहे त्याने व्हॅनच परवडते म्हणून सहल रद्द करू नये, एवढंच म्हणणं.

रानवाट_७
कबूल, कोरड्यात चालते. पण यांच्यासोबत ६७ वर्षांच्या आई आहेत आणि महिना जून आहे. व्हॅनमध्ये मागच्या आसनांवर बसलं की प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. तिकडचे चालक हसत हसत 'आफ्रिकन मसाज' म्हणतात त्याला. आईंना कुठल्याही गाडीत मधल्या रांगेत बसवा, मागच्या चाकांच्या वर कधीच नाही. कमरेचा पट्टा वापरत असतील तर तो हातसामानात ठेवा.

कोटेशन घेताना एवढं *लेखी* घ्या: गाडी फक्त तुमची की इतरांबरोबर, प्रत्येकाला खिडकी (सहा जणांच्या गाडीत सातवं आसन मधलं असतं, ते विकतात), फेऱ्या किलोमीटरवर मोजणार की नाही, प्रवेश शुल्क धरलंय का आणि कॅम्प फाटकाच्या आत की बाहेर, गाडीत पिण्याचं पाणी, चार्जिंगची सोय, मार्गदर्शक केपीएसजीएचा आहे का. ही तिकडच्या सफारी मार्गदर्शकांची संघटना, परीक्षा घेऊन कांस्य, रौप्य, सुवर्ण असे दर्जे देते. कांस्यही चांगला. कंपनी 'काटो' या टूर ऑपरेटर संघटनेची सदस्य आहे का हे त्यांच्या यादीत स्वतः बघा, लेटरहेडवरच्या शिक्क्यावर विसंबू नका.

काडेचिराईत
लशीचं नीट वाचा, इथेच लोक विमानतळावर अडकतात.

पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत केनिया आहे. म्हणून लस घेतल्याचं कार्ड *परत येताना* भारताला लागतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. लस टोचल्यावर कार्ड दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात, आदल्या आठवड्यात पळापळ करून उपयोग नाही. एकदा घेतली की जन्मभर चालते, २०१६ पासून दर दहा वर्षांची भानगड नाही.

लस फक्त सरकारने नेमलेल्या केंद्रांत मिळते. मुंबईत बंदर आणि विमानतळ आरोग्य कार्यालयं, पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय, गोव्यात मुरगाव बंदर. वार आणि वेळा ठरलेल्या असतात, आधी चौकशी करा. एका कुपीत अनेक डोस असल्याने काही ठिकाणी माणसं जमल्याशिवाय उघडत नाहीत. मूळ पासपोर्ट न्या. कार्डावर नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरन् अक्षर, पासपोर्ट क्रमांक, बॅच क्रमांक, शिक्का, सही, सगळं तिथल्या तिथे तपासा.

आई: ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर *पहिल्यांदा* घेताना गंभीर दुष्परिणामाचा धोका कमी असला तरी तरुणांपेक्षा जास्त असतो. अंड्याची तीव्र ॲलर्जी, थायमस ग्रंथीचा आजार, केमो किंवा मोठ्या प्रमाणात स्टेरॉइड चालू असेल तर लस नाहीच. आधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोला आणि तिकिटं काढायच्या *आधी* बोला. लस देता येत नाही असं पत्र मिळतं, पण ते दाखवून परतताना विलगीकरण टळेलच याची खात्री नाही.

मलेरिया: मारा दीड हजार मीटरच्या वर आहे म्हणून डास कमी, पण नाहीत असं नाही. क्लोरोक्विन तिकडे चालत नाही, परजीवी त्याला सरावलेत. दोन पर्याय सहसा देतात. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल: जायच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज एक, परतल्यावर ७ दिवस. आपल्याकडे औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही, महिनाभर आधी शोधा. डॉक्सीसायक्लिन: तसंच सुरू, पण परतल्यावर तब्बल ४ आठवडे. स्वस्त आहे, पण उन्हाने कातडी भाजते आणि रिकाम्या पोटी घशाला जळजळ होते. भरल्या पोटी, पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवं होऊ नका. ८ वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत, काही डॉक्टर १२ ची मर्यादा धरतात. मुलीचं वजन सांगून डोस विचारा.

आल्यावर तीन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य "आफ्रिकेहून आलोय" हे सांगा. नाहीतर आपल्याकडे जुलैत सगळे डेंग्यूच शोधतात.

पर्वती_पायथा
बाप रे. आईच्या डॉक्टरांची वेळ घेतो आधी. व्हिसाचं काय?

हिशेबनीस
जानेवारी २०२४ पासून व्हिसा नाही, त्याऐवजी ई-टीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन पूर्वपरवानगी. नाव बदललं, अर्ज राहिलाच. प्रत्येकाचा वेगळा, तान्ह्या बाळाचासुद्धा. साधारण ३० डॉलर अधिक बँकेचा आकार. पासपोर्ट पोचण्याच्या तारखेपासून ६ महिने वैध, फोटो, परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग. तीन कामाचे दिवस म्हणतात, तुम्ही पंधरा दिवस आधी करा. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'गो डॉट केई' वर संपतो. शोधल्यावर वरती जाहिरातीतल्या जुळ्या साइट्स येतात, त्या त्याच कामाचे तिप्पट घेतात.

वाटेत टांझानिया घालायचा मोह झाला तर: केनिया, युगांडा, रवांडा मिळून १०० डॉलरचा एक व्हिसा मिळतो, त्यात टांझानिया नाही. टांझानियाचा ५० डॉलरचा वेगळा. शिवाय मारातून सेरेंगेटीत थेट उतरता येत नाही. नकाशावर एकच गवत दिसतं, प्रत्यक्षात इसेबानियाच्या नाक्यावरून मोठा वळसा. केनियाची सफारी गाडी टांझानियाच्या उद्यानांत चालतही नाही, सीमेवर गाडी बदला. आठ रात्रींत नको.

पैसे: रोख परकीय चलन माणशी ३,००० डॉलरपर्यंत नेता येतं, तेवढं लागत नाही. डॉलरच्या नोटा २०१३ नंतर छापलेल्या घ्या, फाटक्या-जुन्या तिकडे परत करतात. ५ आणि १ च्या नोटा टिपसाठी सुट्या मागून घ्या. चालक-मार्गदर्शकाला माणशी दिवसाला साधारण १० डॉलर हा रिवाज, शेवटच्या दिवशी पाकिटात. कॅम्पमधल्या बाकीच्यांसाठी स्वागतकक्षात पेटी असते. राष्ट्रीय उद्यानांचं शुल्क रोखीत घेत नाहीत, ते एजंटाला ऑनलाइन भरायला लावा. पॅकेजवर टीसीएस (आधीच वसूल होणारा कर) कापतील, तो विवरणपत्रात वळता होतो, पावती जपा.

गोधडी
सामानावर मी लिहिते.

पहिली गोष्ट प्लॅस्टिक. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, कायद्यातली शिक्षा चार वर्षं कैद किंवा चाळीस लाख शिलिंग दंडापर्यंत जाते. पर्यटकाला कोणी तुरुंगात टाकत नाही, पण विमानतळावर बॅग उघडून पिशव्या काढून घेतात. आपली खरी अडचण म्हणजे चिवडा, शंकरपाळी, दशम्या, सगळं पातळ कॅरीबॅगमध्ये गाठ मारून! ते स्टीलच्या डब्यात किंवा कापडी पिशवीत भरा. चपला-अंतर्वस्त्रांना जुन्या ओढण्यांच्या पिशव्या शिवा. मुंबई विमानतळावरच्या दुकानाची पिशवी विमानातच सोडा. जून २०२० पासून उद्यानांत एकदा वापरून फेकायच्या पाण्याच्या बाटल्याही बंद आहेत, प्रत्येकाची स्टीलची बाटली हवी. ताजी फळं, भाज्या, बियाणं अजिबात नको.

दुसरं म्हणजे थंडी. 'आफ्रिका म्हणजे ऊन' हे डोक्यातून काढा. मारात जूनमधली पहाट १२-१३ अंशांची, आणि तुम्ही उघड्या छताच्या गाडीत. आईंना लोकरीचं जाकीट, कानटोपी, हातमोजे. वर एक वारा अडवणारा पातळ कोट. नऊपर्यंत हे सगळं एकेक करून उतरतं आणि टोपी-गॉगल चढतो. म्हणून एक जाड कपडा नको, तीन पातळ घ्या.

रंग मातकट, खाकी, फिकट हिरवा. गडद निळा आणि काळा नको, त्सेत्से माशी त्याच रंगांवर येते आणि तिचा चावा जीन्सवरूनही लागतो. पांढरा अर्ध्या तासात विटकरी होतो. लष्करी छाप्याचे कपडे मुळीच नकोत, मुलीची टोपीसुद्धा.

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने माराला जाणार असाल तर १५ किलो, हातसामान धरून, आणि मऊ बॅग. चाकांची कडक सूटकेस त्या विमानाच्या पोटात जात नाही. रस्त्याने जात असाल तरी मऊच बरी.

पर्वती_पायथा
एक नाजूक प्रश्न. दिवसभर गाडीत, स्वच्छतागृहाचं काय? आई याच धास्तीने पाणी पीत नाही.

गोधडी
नाजूक कसला, सगळ्यात कामाचा. फाटकांवर आणि धावपट्ट्यांपाशी स्वच्छतागृहं असतात. मधे लागलंच तर चालकाला सांगायचं, तो मोकळं मैदान बघून, आजूबाजू दुर्बिणीने तपासून गाडी लावतो आणि गाडीच्या मागे जायचं. 'टायरची हवा बघायची आहे' हे तिकडचं सभ्य वाक्य. झुडपाआड *जायचं नाही*, आपल्या सवयीच्या नेमकं उलट, कारण झुडपात कोण झोपलंय ते दिसत नाही. लांब कुर्ता किंवा परकर सोयीचा. कागद, ओले टिश्यू आणि ते परत आणायला झाकणाचा छोटा डबा. आईंना पाणी पाजत राहा. उंची, ऊन आणि धूळ यात पाणी तोडलं की दुपारी डोकं धरतं.

तंबूतलं: रात्री एकटीने जेवणाच्या तंबूकडे जायचं नाही, टॉर्चवाला 'अस्कारी' (पहारेकरी) बोलवायचा. पाणघोडे रात्री चरायला कॅम्पमध्ये येतात. तंबूची चेन कायम बंद, नाहीतर माकडं पहिल्यांदा औषधांची पिशवी पळवतात, कारण ती खुळखुळते. खाऊ तंबूत उघडा ठेवू नका. रात्री गादीत गरम पाण्याची पिशवी ठेवतात. आईंना आधी सांगा, अंधारात पायाला ऊबदार काही लागलं की किंचाळी ठरलेली.

पोले_पोले
जेवणाची काळजी नको. नैरोबीत भारतीय, त्यातही गुजराती वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची, शाकाहार म्हणजे काय हे कॅम्पच्या आचाऱ्यालाही ठाऊक. बुकिंगमध्ये 'मासे आणि अंडीही नाही' असं स्पष्ट लिहा, नाहीतर शाकाहारी डब्यात उकडलेलं अंडं निघतं. स्थानिक म्हणाल तर उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आपल्या उकडीचा चुलतभाऊ) आणि सुकुमा विकी, म्हणजे परतलेला पाला. 'चपाती' तिकडेही चपातीच, फक्त तेल सढळ. गाडी म्हणजे 'गारी', विमा म्हणजे 'बिमा'. निम्मी भाषा तुम्हाला येतेच.

मुलीला ही नावं पाठ करून द्या, चालक खूश होतो: सिंबा सिंह, चुई बिबट्या, दुमा चित्ता, तेंबो हत्ती, किफारू गेंडा, त्विगा जिराफ, न्यांबू नव्हे *न्युंबू* विल्डबीस्ट, फिसी तरस, पुंडा मिलिया झेब्रा, शब्दशः पट्ट्यांचं गाढव.

आणि आपल्या वर्तमानपत्रांनी केलेला घोटाळाही निस्तरा. गावात शिरतो तो बिबट्या, चित्ता नव्हे. बिबट्याच्या अंगावर फुलांसारखी वर्तुळं, चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी अश्रूरेघ. मारात दोन्ही दिसतात, तेव्हा गफलत लगेच उघडी पडते.

भिंगरी
कॅमेऱ्याबद्दल कोणी विचारलं नाही, तरी सांगते.

तिकडचे प्लग ब्रिटिश, तीन चौकोनी पिना. आपले गोल पिनांचे बसत नाहीत, दोन अडॅप्टर आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड न्या. व्होल्टेज आपल्यासारखंच, चार्जर जळत नाही. कॅम्पमध्ये जनित्र ठरावीक तासच चालतं, म्हणून बॅटऱ्या तीन.

१००-४०० मिमीचं भिंग (लेन्स) पुरतं. मारा उघडं आहे, ताडोबाच्या बांबूसारखं नाही, आणि गाड्या जवळ जातात. ६०० चं ओझं आणून निम्मे फोटो कानांचे येतात. उघड्या छतावर टेकवायला बीनबॅग हवी: इथून रिकामी पिशवी न्या, नैरोबीत दोन किलो राजमा भरा, निघताना चालकाला देऊन टाका. चालत्या प्राण्याला शटर १/१००० च्या वर, धावत्याला १/२०००. चालकाला इंजिन बंद करायला सांगा, निम्मं हलणं तिथेच थांबतं. धुळीत भिंग बदलू नका, कॅमेरा उशीच्या अभ्र्यात ठेवा.

ड्रोन घरी ठेवा, परवान्याशिवाय विमानतळावरच जमा होतो. दुर्बीण मात्र *माणशी एक*, ८x४२. एका दुर्बिणीत चौघं म्हणजे बिबट्या उतरून जाईपर्यंत "मला दे, मला दे".

कोरडा_ओढा
ताडोबावाल्यांसाठी फरक. तिकडे सकाळची-दुपारची चार तासांची पाळी नाही, दार-क्रमांक नाही, झोन नाही. सहाला आत, सहाला बाहेर, डबा बरोबर. विषुववृत्त जवळ असल्याने बाराही महिने उजाडतं साडेसहाच्या सुमाराला आणि मावळतंही साडेसहालाच. नियम मात्र आहेत: एका प्राण्याभोवती पाच गाड्या, बाकीचे थांबले असतील तर दहा मिनिटांत जागा सोडायची, २५ मीटरचं अंतर, वाट सोडून गवतात गाडी घालायची नाही. "जरा जवळ घे" म्हणून चालकाला पैसे दाखवू नका. दंड त्याला होतो.

वाट सोडून फिरणं आणि रात्रीची फेरी हवी असेल तर माराला लागून असलेल्या नाबोइशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ या खासगी कॉन्झर्व्हन्सी (राखीव रानं) बघा. मसाई जमीनमालकांना भाडं मिळतं, गाड्या मोजक्या. महाग आहेत. तीनपैकी एक रात्र तिथे जमली तर बघा.

पर्वती_पायथा
सगळ्यांचे आभार. नवा आराखडा:
१ जून मुंबई–नैरोबी थेट विमान, दुपारी पोचू. त्याच दिवशी हत्तींच्या पिल्लांचं अनाथालय आणि जिराफ केंद्र. मग अंबोसेली २, नैवाशा १, मारा ३ (आतला कॅम्प, लँड क्रूझर), ८ तारखेला नैरोबी, ९ ला परत. माराला बलूनही करावं म्हणतोय. आईचा पासपोर्ट ऑक्टोबरपर्यंत आहे, बाकीच्यांचे नवे आहेत. लस पुढच्या आठवड्यात उरकतो.

रानवाट_७
हत्तींचं ते शेल्ड्रिकचं अनाथालय लोकांना सकाळी ११ ते १२ एवढंच उघडं, तेही आधी नोंदणी करून. दुपारी पोचून जमणार नाही. ९ तारखेचं परतीचं विमान रात्रीचं असेल तर तिथे त्या सकाळी ठेवा. जिराफ केंद्र जवळच आहे, अर्धा दिवस छान जातो. पहिल्या दिवशी नुसतं झोपा.

बलूनचे माणशी साडेचारशे-पाचशे डॉलर, पहाटे चारला उठणं, आणि उतरताना टोपली कधी कधी आडवी होते, पाय दुमडून धरावं लागतं. आईंची पाठ बघता तुम्ही दोघं जा, आजी-नात गाडीने फिरतील.

काडेचिराईत
थांबा, लस पुढच्या आठवड्यात नको! ऑक्टोबरपर्यंतचा पासपोर्ट म्हणजे १ जूनला सहा महिने भरत नाहीत, ई-टीएला अडेल. आणि नूतनीकरणात क्रमांक बदलतो. आत्ता लस घेतलीत तर पिवळ्या कार्डावर जुना क्रमांक येईल आणि परतताना नव्या पासपोर्टशी जुळणार नाही.

आईंचा क्रम असा: डॉक्टरांचा होकार, नवा पासपोर्ट, त्या क्रमांकावर लस, मग तिकीट आणि ई-टीए. लस उशिरात उशिरा २० मेपर्यंत. दहा दिवसांचं घोडं तिथे अडायला नको. बाकी तिघं खुशाल पुढच्या आठवड्यात घ्या.

पर्वती_पायथा
हे कुठल्याही एजंटाने सांगितलं नसतं. पासपोर्टची अपॉइंटमेंट आत्ताच टाकली, गुरुवारची मिळाली.

काडेचिराईत
जुना पासपोर्टही गुरुवारी बरोबर न्या, कोपरा कापून परत देतात.